साठ आणि आठ

साठ खोक्यांची एक मागणी केवळ एक 'स' ऐकू न आल्यामुळे आमच्या हातची गेली. आता ही गोष्ट आम्ही आल्यागेल्याला हसून सांगतो. त्या रात्री मात्र पाटणपासून कऱ्हाडपर्यंत आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो.

प्रसंग साधा आहे. रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे आणि २०११पासून आम्ही दोघे नवराबायको आमचा आंबा आमच्याच पिकअपमधून पुण्याला नेत आलो आहोत. उन्हे कलली की निघायचे; हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण करीत कुंभार्ली घाट चढायचा, कोयनेच्या अंगाने पाटण गाठायचे, मग कऱ्हाड आणि तिथून पुण्याचा हमरस्ता. सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. आमच्यापैकी नवरा गाडी चालवतो. बायको फोन, हिशेब आणि वही सांभाळते. २०२३च्या एप्रिलातल्या त्या रात्री पाटणच्या अलीकडे पुण्याच्या एका सोसायटीतून फोन आला. बायकोने एका कानात बोट घालून तो ऐकला आणि सांगितले, "अहो, त्यांना दोन डझनी साठ हवीत. उद्या नऊच्या आत."

नवऱ्याने ऐकले ते 'आठ'. आठ खोक्यांसाठी सकाळच्या गर्दीत शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे नफ्याचे डिझेल करायचे. त्याने उत्तर दिले ते ओरडूनच दिले, कारण त्या केबिनमध्ये सगळेच ओरडून बोलावे लागे. "एवढ्यासाठी कोण मरायला जाणार? नाही म्हणून सांग!" साठ खोक्यांना 'एवढ्यासाठी' म्हणणाऱ्या माणसापुढे काय बोलायचे? बायकोने रागारागाने नाही म्हणून कळवून टाकले आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली. कऱ्हाडला चहाच्या टपरीसमोर इंजिन बंद झाले तेव्हा उलगडा झाला. आम्ही परत फोन केला, पण तोवर त्यांनी दुसऱ्या बागायतदाराला होकार देऊन टाकला होता. आमचा तो माल गुलटेकडीच्या बाजारात घाऊक भावाने गेला.

दोष गाडीच्या आवाजाचा, हा निकाल आम्ही एकमताने दिला. नवऱ्याने तो जरा जास्तच तत्परतेने दिला, हे आता लिहायला हरकत नाही.

पिकअपची केबिन म्हणजे काय, हे ज्यांनी केवळ मोटारीतून प्रवास केला आहे त्यांना सांगायला हवे. मोटारीत गालिचा असतो, त्याखाली नमदा असतो, छताला कापड असते, दारांच्या पोटात काहीबाही भरलेले असते. मालवाहू गाडीत पैसा हौद्याच्या बांधणीवर आणि पाट्यांवर खर्च होतो. आमच्या पायाखाली रबराची एक चटई होती आणि तिच्याखाली थेट पत्रा. दार ठोठावले तर रिकाम्या डब्यासारखे वाजे. ताशी सत्तर किलोमीटरला भ्रमणध्वनीतले आवाजमापक ८० डेसिबल दाखवी. (हे मापक प्रयोगशाळेतले नव्हे, त्यामुळे त्याचा आकडा प्रमाण मानू नये, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक पाहण्यापुरते ते आम्हांला पुरले.) एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानवैद्याने १९११ साली दाखवून दिले, की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला सांगावे लागत नाही आणि बहुधा कळतही नाही. बारा वर्षे वर्षातले पंधरा-वीस फेरे आम्ही एकमेकांशी चढ्या आवाजात बोलत आलो होतो. चढ्या आवाजात माणूस हिशेब बोलतो, रस्ता बोलतो, शिव्या बोलतो. बाकीचे काही त्या पट्टीत बोलता येत नाही. ते आपोआप मागे पडते, आणि मागे पडले आहे हे लक्षात यायलाही शांतता लागते.

असो. पावसाळ्यात गाडी मांगरात उभी असते. त्या वर्षीच्या ऑगस्टात आम्ही सीटा काढल्या आणि कामाला लागलो.

पहिली गंमत अशी, की 'आवाज' असा एक आवाज नसतोच. मिस्त्रीकडे गेलो तेव्हा त्याने विचारले, "घरघरतंय, खडखडतंय की घोंघावतंय?" मराठीतल्या ध्वन्यनुकारी शब्दांकडे आम्ही आजवर कवींची सोय म्हणून पाहत आलो होतो, ती गॅरेजमधली निदानपद्धतीही आहे, हे त्या दिवशी कळले. घरघर इंजिनाची. मिनिटाला दोन हजार फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे ६७ स्फोट होतात. तेच आपल्याला खोल घरघर म्हणून ऐकू येतात, आणि पायांना ऐकू येतात तितके कानांनाही येत नाहीत. खडखड सैल भागांची. धडधड पत्र्याची: दाराचा, छताचा, पाठीमागच्या भिंतीचा मोठा सपाट पत्रा डफासारखा थरथरतो आणि स्वतःच आवाज करू लागतो. घोंघों टायरांची, काँक्रीटच्या रस्त्याला आडव्या खाचा असल्या की ती जवळजवळ सुरात येते. सूंसूं वाऱ्याची, दारांच्या फटींतून. आणि करकर डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची. प्रत्येकीचा उपाय वेगळा, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू नाही. हे आम्हांला आधी कळले असते तर पहिला महिना वाया गेला नसता.

तो वाया गेला गोधडीमुळे. नवऱ्याच्या आईने शिवलेली, सात थरांची, जुन्या लुगड्यांची गोधडी घरात होती. जाड वस्त्र आवाज खाते ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती खोटीही नाही. १८९५ साली हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द घुमून एकमेकांत मिसळत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत घुमणे किती सेकंदांनी कमी होते ते मोजले आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवल्या. वास्तूच्या ध्वनिशास्त्राचा पाया अशा उसन्या गाद्यांवर घातला गेला. पण सॅबिनचा प्रश्न खोलीत जन्मलेल्या आवाजाचा होता. आमचा प्रश्न बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचा. गोधडी आत आलेला आवाज थोडा टिपून घेते, येणाऱ्याला अडवत नाही. ती जमिनीवर अंथरून आम्ही चिपळूणला जाऊन आलो. करकर जरा मऊ झाली, घरघर होती तशीच. शिवाय कोकणातल्या ऑगस्टात कापूस जे करतो तेच तिने केले: ओल धरली आणि चार दिवसांत केबिनला कुबट वास सुटला. गोधडी उन्हात टाकायची तर ऊनही नव्हते. बायको म्हणाली, "सासूबाईंनी ही पायाखाली घालायला शिवली नव्हती." हे भौतिकशास्त्रापेक्षा बळकट कारण होते.

मग स्वस्ताई म्हणून गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी शीट आणली. कल्पना चुकीची नव्हती. पत्र्याला काहीतरी जड आणि चिवट चिकटवले की त्याची थरथर मरते, हे खरेच. पण डांबर हे डांबर आहे. एका उघाडीच्या दिवशी गाडी उन्हात ठेवली तर छताची शीट सुटून खाली लोंबली आणि केबिनमध्ये रस्त्याचे काम चालू असल्यासारखा वास भरला. ऑगस्टात ही गत, तर एप्रिलात काय झाले असते? ती खरवडून काढायला तीन दिवस आणि बरेचसे रॉकेल लागले.

शेवटी योग्य वस्तू आणली. ब्युटाइल रबराचा दोन मिलिमीटरचा थर आणि त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. दिसायला किरकोळ. तिच्यातली युक्ती मात्र आम्हांला फार आवडली. पत्रा वाकू लागला की पापुद्रा त्याच्याबरोबर वाकायला तयार नसतो. मधला रबर दोघांच्या ओढाताणीत मागेपुढे घासला जातो आणि कंपनाची ऊर्जा थोड्याशा उष्णतेत विरून जाते. एडवर्ड कर्विनने या ओढाताणीचे गणित १९५९ साली मांडले. दोन ताठ माणसांमधल्या मऊ माणसाने संसारात हेच करायचे असते, असे एक वाक्य आम्हांला सुचले होते. आमच्यात मऊ कोण यावर एकमत न झाल्याने ते पुढे गेले नाही.

या शीटने सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते, हेही तेव्हाच कळले. पत्र्याच्या मधोमध पाव भाग झाकला तरी धडधडीचा मोठा हिस्सा जातो. उरलेला पाऊण झाकून फार थोडे मिळते. आम्ही अर्थातच जास्त झाकले. हीट गनने शीट कोमट करायची आणि लाकडी रोलरने दाबत न्यायची; खाली हवेचा फुगा राहिला तर तो तुकडा फुकट. बायकोचा हात यात बसला. पापडाचे लाटणे ज्याने वर्षानुवर्षे चालवले त्याला रोलर शिकवावा लागत नाही.

हे झाले थरथरीचे. हवेतून येणारा आवाज अडवायला वजनच लागते, त्याला पळवाट नाही. नियम असा, की आडोशाचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. पण आवाज जितका खोल तितका तो सहज आरपार जातो. म्हणून जमिनीवर आणि इंजिनापुढच्या भिंतीवर आधी बंद छिद्रांचा फोम (उघड्या छिद्रांचा पाणी पितो आणि मग पत्रा गंजतो) आणि त्यावर चौरस मीटरला पाच किलो भरणारी जड व्हायनिलची चादर घातली. सगळे मिळून तीस किलोंच्या आसपास. म्हणजे दोन डझनी पाच खोकी. दर फेऱ्याला पाच खोकी शांतता आपण पुण्याला नेणार आणि विकल्याविना परत आणणार, असा हिशेब बायकोने वहीत खरोखरच मांडून ठेवला आहे.

खरे शहाणपण मात्र भोकांनी शिकवले. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाइतके भोक उघडे असेल तर बाकीची भिंत शिशाची केली तरी घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. इंजिनाकडच्या भिंतीतून स्टिअरिंगचा दांडा येतो, क्लचची केबल येते, तारांचे जुडगे येते. प्रत्येकाभोवती रबराचे बूच असायला हवे आणि आमच्यापैकी निम्मी कधीच कुजून पडली होती. गिअरच्या दांड्याचे रबर फाटले होते. दारांचे बीडिंग चपटे झाले होते. ही सगळी दुरुस्ती दोन हजारांत झाली आणि बाकी सोळा हजारांच्या सामानाने जेवढा फरक पडला त्याच्या जवळपास तेवढा तिनेच पडला असावा. याच उत्साहात आम्ही एका दाराच्या तळाची भोकेही बुजवली. ती पाणी वाहून जाण्यासाठी असतात. काचेवरून दाराच्या पोटात उतरलेले पाणी आठवडाभर आत डुचमळत होते आणि प्रत्येक वळणावर दारातून घागर हिंदकळल्यासारखा आवाज येई. ध्वनिरोधनाने आम्ही एक नवा आवाज निर्माण केला, तो हा. भोक पुन्हा पाडले.

आणि खिडकी! सगळ्यांत मोठे भोक तेच. आमच्या गाडीला वातानुकूलन नाही. एप्रिलात किनाऱ्यावर काचा वर करून बसणे म्हणजे आंब्याआधी आपली अढी घालणे. तेव्हा नियम ठरला: चिपळूणपर्यंत काचा खाली आणि गोंगाट, कुंभार्ली घाटात हवा गार लागली की काचा वर. म्हणजे आमची शांतता समुद्रसपाटीपासून ठराविक उंचीवर सुरू होते.

ऑक्टोबरात पहिला मोठा फेरा झाला. मापकाचा आकडा ७४-७५वर आला होता. सहा डेसिबल म्हणजे ध्वनीची शक्ती चौथाईवर येणे. कानाला मात्र ते एवढे जाणवत नाही, आवाज निम्मा वाटायला दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. तरीही फरक होता. घरघर होतीच, पण ती आता शेजारच्या खोलीत राहायला गेली होती. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वीने एका महागड्या ब्रिटिश मोटारीची जाहिरात लिहिली. ताशी साठ मैलांना त्या मोटारीतला सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा, असा तिचा दावा होता. आमच्या गाडीत घड्याळ नाही. आमच्या बाबतीत पुढे आला तो हातमोज्यांच्या कप्प्याचा खुळखुळ, मग ताडपत्रीच्या दोरीची टपटप, मग सीटच्या स्प्रिंगचा एक बारीक कुईकुई. एक आवाज गेला की त्याच्या सावलीत बसलेला दुसरा उठून उभा राहतो. बायको ते एकेक बोटाने दाखवत होती. "हा बघा. आता हा." नवरा मान हलवत होता.

इथे आम्हांला थांबायला हवे, कारण याच फेऱ्यात घाट चढताना एक गोष्ट घडली आणि ती घडली हे आमच्यापैकी एकालाच माहीत होते.

काचा वर होत्या. अंधार पडला होता. बारा वर्षांत प्रथमच त्या केबिनमध्ये साध्या आवाजात बोलता येण्यासारखे होते. बायकोने साध्या आवाजात विचारले, "यंदापासून बाग कराराने देऊन टाकू या का?" हा प्रश्न तिच्या मनात तीन वर्षे होता. घरात तो विचारता येत नव्हता. घरात समोरच कलमे दिसतात, त्यांतली निम्मी सासऱ्यांनी लावलेली. गाडीत विचारायचा तर ओरडावा लागला असता, आणि हा प्रश्न ओरडून विचारण्यासारखा नव्हता. नवऱ्याने उत्तर दिले नाही. समोर वळण होते, त्याने गिअर बदलला. बायकोने ते मौन उत्तर म्हणून घेतले आणि विषय मिटवून टाकला.

नवऱ्याने प्रश्न ऐकलाच नव्हता.

हे उघड व्हायला जानेवारी उजाडला. एव्हाना मौनाचे दोन महिने आणि काही किरकोळ घोटाळे जमा झाले होते. ताडपत्री बांधताना बायको ओरडली "सोडा!" आणि नवऱ्याने "ओढा" ऐकून दोरी जिवानिशी ओढली, तिचे बोट थोडक्यात वाचले. अंगणात, गाडी बंद असताना. आता दोष द्यायला गाडी नव्हती. बायको म्हणाली, "आवाज गाडीत नव्हता." नवरा म्हणाला, "काय?"

कानाच्या डॉक्टरांकडे एक छोटी खोली असते: जाड दुहेरी दार, भिंतींना फोम, आमच्या केबिनची श्रीमंत बहीण म्हणावी अशी. तिच्यात बसून बारीक शिट्ट्या ऐकायच्या आणि ऐकू आली की बटण दाबायचे. नवरा आत बसला, बायको काचेतून पाहत होती. तंत्रज्ञाच्या यंत्रावर शिट्टी वाजल्याचा दिवा लागे आणि आत बटण दाबले जात नसे. पुन्हा लागे, पुन्हा नाही. आम्ही बारा वर्षे जे ऐकत नव्हतो ते तिला त्या पाच मिनिटांत दिसले. कागदावर जी रेघ उमटली ती ४००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खड्ड्यात उतरत होती आणि पुढे जराशी वर येत होती. डॉक्टर म्हणाले, नुसत्या वयाची रेघ सहसा अशी वर येत नाही. असा खड्डा आवाजाने पडतो. आम्ही लगेच गाडीची कहाणी सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारले, "बागेत काय काय चालवता?"

बागेत आम्ही मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येऊ नये म्हणून हंगामात पाच-सहा फवारण्या करतो, पेट्रोलच्या पंपाने. ऑक्टोबरात ग्रासकटरने गवत काढतो. त्याचे इंजिन पाठीशी, कानापासून हातभर अंतरावर. अमेरिकेतल्या व्यवसायआरोग्य संस्थेने १९९८ साली घालून दिलेली शिफारस अशी, की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने ९७ला अर्धा तास. ग्रासकटर सहज ९५च्या पुढे जातो आणि नवरा तो दिवसदिवस चालवत आला होता, कानांवर टॉवेल बांधून. टॉवेल म्हणजे पुन्हा गोधडीच. काही शे रुपयांचे इअरमफ बारा वर्षांपूर्वी घेतले असते तर? हा प्रश्न आम्ही एकमेकांना एकदाच विचारला. गाडीची ८० डेसिबल त्या मानाने सज्जन होती. चोर बागेत होता आणि आम्ही त्याच्या नावाचे वॉरंट घेऊन मांगरात गाडीच्या दारांची पॅडे उचकटत बसलो होतो.

डॉक्टरांनी समजावलेली एक गोष्ट भाषेत रमणाऱ्या कुणालाही चटका लावील. बोलण्याची ताकद स्वरांत असते, आणि ती बहुतेक १००० हर्ट्झच्या खाली. व्यंजने दुबळी आणि उंच. 'स'ची सळसळ तर मुख्यतः ४०००च्या वरची. म्हणजे खड्डा नेमका व्यंजनांखाली पडतो. अशा माणसाला 'ऐकू येत नाही' असे वाटतच नाही, कारण आवाज पुरेसा येतो. 'लोक नीट बोलत नाहीत' असे वाटते. साठचे आठ होतात, सातचे आत, सुनेचे ऊन. भरीला गाडीची खोल घरघर, जी आपल्याहून उंच आवाज झाकून टाकण्यात पटाईत. उरलासुरला 'स' ती गिळते. आमच्या व्याकरणात स्वर स्वतंत्र आणि व्यंजन परावलंबी, असे शिकवत आले. उच्चाराला ते खरे असेल. अर्थाचा भार मात्र त्या परावलंबी व्यंजनांवर आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखला जात नव्हता, तरी शतकानुशतके त्या लिपीत दौलतींचा कारभार चालला. व्यंजने गाळून कुणी कारभार करून दाखवावा! आम्ही संसार करून पाहिला.

कर्णयंत्राला नवऱ्याने वर्षभर नकार दिला. कारणे अनेक सांगितली: किंमत, घाम, माणसे बघतील. गाडीवर अठरा हजार घालताना यातले एकही कारण आठवले नव्हते. गाडीला दुरुस्ती लागते यात कुणाची अब्रू जात नाही. आणि हा लेख लिहायला बसलो तेव्हाही पहिले वाक्य 'आम्हांला कमी ऐकू येते' असेच लिहिले गेले होते, बायकोने ते खोडून विचारले, "आम्हांला म्हणजे कुणाला?" बहुवचनाची गोधडी फार ऊबदार असते.

यंत्रे २०२५च्या फेब्रुवारीत आली. पहिले आठ दिवस नवऱ्याला कागद चुरगळला तरी दचकायला होई. पंख्याची घरघर, नळाची धार, कुकरच्या शिट्टीआधीचे ते फुसफुसणे, सगळे एकदम अंगावर आले. आणि गाडी! यंत्र बोलणे वाढवते तसा गोंगाटही वाढवते. शेजारचा शब्द गोंगाटाच्या वर जितका राहील तितकेच ते उपयोगी. जुन्या केबिनमध्ये ती यंत्रे पहिल्याच घाटात खिशात गेली असती. आमच्या सोळा हजारांच्या पत्र्या-चादरींना जे करायला आणले होते ते त्यांच्याकडून झाले नव्हते. ते काम ती दीड वर्षाने, दुसऱ्याच्या मदतीने, आता करू लागली. नवऱ्याला आणखी एक गोष्ट परत मिळाली. केबिन शांत केल्यापासून इंजिनाचा चढता आवाज कळेनासा झाला होता आणि घाटात गिअर उशिरा पडत. आता तो पुन्हा कानाने गाडी चालवतो. ताडपत्रीची दोरी सैल झाली की त्याला बायकोच्या आधी कळते, आणि तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

त्या एप्रिलातल्या दुसऱ्या फेऱ्याला चिपळूण सोडले, घाट लागला, काचा वर केल्या. मागे दोन डझनी एकशेनव्वद खोकी होती. हेळवाकच्या पुढे रस्ता जरा सरळ झाल्यावर बायकोने पुन्हा तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात. जानेवारीत डॉक्टरांकडून परतताना तिने तो एकदा सांगितला होता, पण झालेली गोष्ट म्हणून; विचारला नव्हता.

नवऱ्याने गिअर बदलला. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट दिली.

"ऐकलं," तो म्हणाला. "वरच्या अंगाची कलमं देऊन टाकू. खालच्या अंगाचं कऱ्हाडला चहा घेताना बोलू."

"वरची किती धरता?"

"साठ."

"आठ?"

"साठ, अगं. साठ."